राउटर इंटरफेसवरील लिंक-लोकल पत्ते

लिंक-लोकल पत्ता म्हणजे संगणकीय जाळ्यातील एकाच दुव्यापुरता, म्हणजेच एकाच लिंकपुरता, ग्राह्य असलेला आयपी पत्ता होय. असा पत्ता स्रोत किंवा गंतव्य म्हणून धारण करणारे पॅकेट कोणताही राउटर पुढे पाठवीत नाही. आयपी आवृत्ती ४ मध्ये यासाठी १६९.२५४.०.०/१६ हा पट्टा राखून ठेवलेला आहे, तर आयपी आवृत्ती ६ मध्ये एफई८०::/१० हा. आवृत्ती ४ मध्ये हा पत्ता बहुधा अडचणीच्या वेळी वापरला जातो. आवृत्ती ६ मध्ये मात्र प्रत्येक इंटरफेसला किमान एक लिंक-लोकल पत्ता असणे बंधनकारक आहे आणि राउटरांचे आपापसांतील बहुतेक व्यवहार त्याच पत्त्यावरून चालतात. त्यामुळे राउटरच्या इंटरफेसला हा पत्ता आपोआप मिळू द्यावा की विचारपूर्वक नेमून द्यावा, हा जाळ्याच्या आखणीतील महत्त्वाचा निर्णय ठरतो.

या लेखात पत्त्यांतील षोडशमान अंक उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत. यंत्रावर ते रोमन अक्षरांतच टंकावे लागतात.

व्याप्ती

लिंक म्हणजे मधे राउटर न येता दोन किंवा अधिक यंत्रे ज्यावरून एकमेकांशी थेट बोलू शकतात तो भाग. दोन राउटरांना जोडणारी प्रकाशतंतूची तार, एखाद्या कार्यालयातील व्हीलॅन किंवा घरातील वाय-फाय, ही लिंकची उदाहरणे आहेत. राउटरचा प्रत्येक इंटरफेस सामान्यतः वेगळ्या लिंकवर असतो.

वाड्यात ‘काकू’ अशी हाक मारली की कोणाला बोलावले हे सर्वांना कळते. शेजारच्या वाड्यातही एक काकू असतात, पण त्यामुळे घोटाळा होत नाही. लिंक-लोकल पत्त्याचे तसेच आहे. एकाच राउटरच्या दहा इंटरफेसांवर एफई८०::१ हाच पत्ता असला तरी ते नियमबाह्य नाही, कारण प्रत्येक लिंक स्वतंत्र आहे. मात्र बाहेरच्या माणसाने ‘काकूंना निरोप द्या’ म्हटले, तर ‘कोणत्या वाड्यातल्या?’ हे विचारावेच लागते. म्हणूनच अशा पत्त्याशी संपर्क साधताना तो कोणत्या इंटरफेसच्या बाजूला आहे हेही सांगावे लागते. आरएफसी ४००७ या २००५ सालच्या दस्तऐवजाने त्यासाठी पत्त्यानंतर टक्केचिन्ह आणि त्यापुढे क्षेत्राची ओळख लिहिण्याची पद्धत घालून दिली. लिनक्समध्ये तेथे इंटरफेसचे नाव येते, विंडोजमध्ये क्रमांक येतो. ही ओळख त्या यंत्रापुरतीच असते; ती पॅकेटमध्ये जात नाही आणि पलीकडच्या यंत्राला ती कळतही नाही.

पार्श्वभूमी

आवृत्ती ४ मधील लिंक-लोकल पत्त्यांचा उगम घर आणि लहान कार्यालयांतील गरजेत आहे. डीएचसीपी सेवक उपलब्ध नसतानाही दोन संगणक तारेने जोडताच एकमेकांशी बोलू शकावेत, हा हेतू होता. १९९८ मध्ये विंडोज ९८ आणि मॅक ओएस ८.५ या प्रणालींत ही सोय आली. तिचे प्रमाणीकरण मे २००५ मध्ये आरएफसी ३९२७ द्वारे झाले; त्याचे लेखक ॲपलचे स्टुअर्ट चेशर, मायक्रोसॉफ्टचे बर्नार्ड अबोबा आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे एरिक गटमन हे होते. यात यंत्र १६९.२५४.१.० ते १६९.२५४.२५४.२५५ या मर्यादेतील एक पत्ता यादृच्छिकपणे निवडते, तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना याची एआरपीद्वारे चौकशी करते आणि मगच वापरते. राउटरने असे पॅकेट कोणत्याही परिस्थितीत, अगदी डिफॉल्ट मार्ग उपलब्ध असला तरी, पुढे पाठवू नये असे त्यात स्पष्ट बजावले आहे. व्यवहारात संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की तंत्रज्ञ प्रथम डीएचसीपी बंद पडल्याची शंका घेतो, आणि ती बहुधा खरी ठरते.

राउटरांच्या बाबतीत आवृत्ती ४ मध्ये वेगळाच मार्ग रूढ होता. दोन राउटरांमधील प्रत्येक तारेसाठी चार पत्त्यांचा एक लहानसा गट खर्ची पडे. आरएफसी ३०२१ नंतर तो दोन पत्त्यांवर आला. तेवढाही खर्च नको असल्यास सीरियल दुव्याला स्वतंत्र पत्ता न देता दुसऱ्या एखाद्या इंटरफेसचा पत्ता उसना घेतला जाई. अशा बिनपत्त्याच्या दुव्यांचा उल्लेख राउटरांच्या आवश्यकता सांगणाऱ्या १९९५ च्या आरएफसी १८१२ मध्येही सापडतो. पुढे आवृत्ती ६ मध्ये लिंक-लोकल पत्त्याने जे साधले, त्याची ही एक प्रकारे पूर्वपीठिका होय.

आवृत्ती ६ च्या रचनेत लिंक-लोकल पत्ता सुरुवातीपासूनच पायाभूत मानला गेला. आरएफसी ४२९१ नुसार त्याचे पहिले १० बिट ठरलेले असतात, पुढचे ५४ बिट शून्य असतात आणि उरलेल्या ६४ बिटांत इंटरफेसची ओळख असते. म्हणजे एफई८० पासून एफईबीएफ पर्यंतचा सगळा पट्टा राखीव असला तरी वापरात येतो तो एफई८०::/६४ एवढाच भाग. याच्या जोडीला संस्थेपुरते म्हणून ‘साइट-लोकल’ पत्तेही आखले होते. पण संस्थेची हद्द नेमकी कोठे संपते हेच ठरवता येईना, म्हणून २००४ मध्ये आरएफसी ३८७९ ने ते मोडीत काढले. लिंकची हद्द मात्र निःसंदिग्ध असते आणि लिंक-लोकल पत्ते टिकून राहण्याचे ते एक कारण आहे.

राउटरला या पत्त्याची गरज

आवृत्ती ६ मध्ये संगणकाला आपला डिफॉल्ट मार्ग राउटरच्या उद्घोषणेतून कळतो. आयपी आवृत्ती ६ साठीची डीएचसीपी पत्ता देते, नावसेवकाची माहिती देते, परंतु डिफॉल्ट राउटर कोणता हे सांगण्याची सोय तिच्यात नाही. ही उद्घोषणा ज्या पॅकेटमधून येते त्याचा स्रोत पत्ता लिंक-लोकलच असला पाहिजे, अशी आरएफसी ४८६१ ची सक्त अट आहे. अन्यथा संगणक ती उद्घोषणा टाकून देतो. आवृत्ती ६ चालू असलेल्या घरातील भ्रमणध्वनीवर किंवा संगणकावर जाळ्याचा तपशील उघडल्यास गेटवेच्या रकान्यात एफई८० ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसतो तो यामुळेच. अनेकांना तो बिघाड वाटतो, पण तो अगदी योग्य असतो.

या अटीमागे विचार आहे. सेवादात्याने घराला दिलेला जागतिक उपसर्ग बदलू शकतो. काही ठिकाणी राउटर बंद करून पुन्हा सुरू केला तरी तो बदलतो. गेटवेचा पत्ता त्या उपसर्गातला असता तर प्रत्येक बदलाबरोबर घरातील सर्व यंत्रांचे गेटवेशी असलेले नाते तुटले असते. लिंक-लोकल पत्ता उपसर्गावर अवलंबून नसल्याने जागतिक पत्ते बदलले तरी राउटरची ओळख तीच राहते.

राउटरांच्या आपापसांतील प्रोटोकॉलांनीही हाच पत्ता स्वीकारला आहे. आरआयपीच्या आवृत्ती ६ साठीच्या रूपात, म्हणजे १९९७ च्या आरएफसी २०८० मध्ये, मार्गांची माहिती लिंक-लोकल पत्त्यावरूनच यावी लागते. ओएसपीएफची तिसरी आवृत्ती आभासी दुवे वगळता सर्व दुव्यांवर लिंक-लोकल पत्त्यावरूनच शेजाऱ्याशी बोलते आणि पुढचा टप्पा म्हणूनही शेजाऱ्याचा तोच पत्ता नोंदवते. आयएस-आयएस हा प्रोटोकॉल आयपीवर चालतच नाही, तरी तोही आपल्या नमस्कार-संदेशात लिंक-लोकल पत्ता कळवतो. एखाद्या राउटरची मार्गसारणी पाहिली तर जागतिक उपसर्गांसमोर पुढचा टप्पा म्हणून एफई८० चेच पत्ते रांगेने दिसतात. त्या इंटरफेसांना जागतिक पत्ते दिलेले असले तरी मार्ग शोधण्याच्या कामी ते आलेले नसतात.

दोन राउटर मिळून एकच आभासी गेटवे उभा करणाऱ्या व्हीआरआरपीच्या तिसऱ्या आवृत्तीतही आभासी राउटरला स्वतःचा लिंक-लोकल पत्ता असावा लागतो आणि उद्घोषणेतील पत्त्यांच्या यादीत त्याचे स्थान पहिले असते.

पत्ता कसा ठरतो

इंटरफेसवर आवृत्ती ६ सुरू करताच राउटर स्वतःहून लिंक-लोकल पत्ता तयार करतो. याची जुनी रीत यंत्राच्या ४८ बिटांच्या हार्डवेअर पत्त्यावर आधारलेली आहे. त्या पत्त्याच्या मधोमध एफएफ आणि एफई ही दोन बाइट घातली जातात आणि पहिल्या बाइटमधील सातवा बिट उलटवला जातो. उदाहरणार्थ, दस्तऐवजांतील नमुन्यांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातील ००-००-५ई-००-५३-१० हा हार्डवेअर पत्ता घेतल्यास त्यापासून एफई८०::२००:५ईएफएफ:एफई००:५३१० हा पत्ता मिळतो. आरंभीच्या ०० चे ०२ होते ते बिट उलटल्यामुळे.

या रीतीत पत्त्यावरून यंत्राचा निर्माता ओळखता येतो, ही तिच्यावरची एक टीका आहे. एप्रिल २०१४ च्या आरएफसी ७२१७ ने पर्याय सुचवला: उपसर्ग, इंटरफेसची ओळख आणि एक गुप्त किल्ली यांच्यापासून गणिती फलनाने पत्ता काढायचा. तो स्थिर राहतो, पण त्यातून हार्डवेअरचा माग लागत नाही. २०१७ मध्ये आरएफसी ८०६४ ने स्थिर पत्त्यांसाठी हीच रीत मूलभूत असावी अशी शिफारस केली.

पत्ता कोणत्याही मार्गाने ठरलेला असो, वापरण्यापूर्वी तो लिंकवर दुसऱ्या कोणाकडे नाही याची खातरजमा केली जाते. राउटर त्या पत्त्याबद्दल एक चौकशी प्रसारित करतो आणि, मूळ मूल्ये बदललेली नसल्यास, एक सेकंद वाट पाहतो. उत्तर न आल्यास पत्ता त्याचा. उत्तर आल्यास प्रकरण गंभीर होते. जागतिक पत्ता दुबार निघाला तर तेवढाच पत्ता बाद होतो. हार्डवेअर पत्त्यापासून बनलेला लिंक-लोकल पत्ता दुबार निघाला, तर त्या इंटरफेसवरील आयपीचे कामकाजच थांबवावे असे आरएफसी ४८६२ सांगतो, कारण याचा अर्थ दोन यंत्रांचा हार्डवेअर पत्ताच एक आहे. सिस्कोच्या राउटरांवर लिंक-लोकल पत्ता दुबार आढळताच त्या इंटरफेसवरील आवृत्ती ६ बंद होते, मग तेथे दिलेले जागतिक पत्ते कितीही निर्दोष असोत.

हाताने नेमणूक

राउटरने स्वतः बनवलेला पत्ता कामापुरता पुरेसा असतो, पण माणसांच्या सोयीचा नसतो. सोळा षोडशमान अंकांची ती मालिका दूरध्वनीवर सहकाऱ्याला सांगताना चुकते आणि शेजाऱ्यांच्या यादीत ती पाहून पलीकडे कोणता राउटर आहे हे उमगत नाही. याहून मोठी अडचण हार्डवेअर बदलण्याच्या वेळी येते. राउटरमधील बिघडलेले कार्ड काढून नवे बसवले की नव्या कार्डाचा हार्डवेअर पत्ता वेगळा असल्याने लिंक-लोकल पत्ताही बदलतो. ओएसपीएफसारखा प्रोटोकॉल नवा शेजारी काही सेकंदांत शोधून घेतो. परंतु पलीकडच्या राउटरवर कोणी जुन्या पत्त्याकडे बोट दाखवणारा स्थिर मार्ग लिहून ठेवला असेल, तर तो मार्ग मृत होतो. तार जोडलेली, दिवे हिरवे, इंटरफेस चालू, तरी वाहतूक शून्य, असे दृश्य दिसते आणि दोष नव्या कार्डावर ढकलला जातो.

स्थिर मार्ग लिहिताना लिंक-लोकल पत्ता टाळून शेजाऱ्याचा जागतिक पत्ता वापरावा, असा उपाय सुचतो. तो बहुतेकदा चालतोही. पण आरएफसी ४८६१ चा कल उलट आहे. एखाद्या संगणकाला अधिक जवळचा राउटर दाखवून देण्यासाठी जो पुनर्निर्देशन संदेश पाठवायचा असतो, त्यात त्या दुसऱ्या राउटरची ओळख लिंक-लोकल पत्त्यानेच द्यावी लागते. तो पत्ता ठाऊक नसेल तर संदेश पाठवता येत नाही. म्हणून स्थिर मार्गातही पुढचा टप्पा लिंक-लोकल पत्त्याने सांगावा असे तो दस्तऐवज सुचवतो. मार्ग लिंक-लोकल पत्त्याने लिहिला की बाहेर पडण्याचा इंटरफेसही सोबत लिहावा लागतो. नुसत्या पत्त्यावरून राउटरला दिशा कळत नाही आणि तो आज्ञा नाकारतो.

यावर रास्त उपाय म्हणजे राउटरचा लिंक-लोकल पत्ता हाताने नेमून देणे. त्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत प्रत्येक लिंकवरील एका टोकाला एफई८०::१ आणि दुसऱ्याला एफई८०::२ दिला जातो. संगणकांच्या व्हीलॅनवर गेटवे नेहमी एफई८०::१ असतो, हे लक्षात ठेवायला सोपे पडते. पण राउटरांच्या जाळ्यात कोणते टोक ‘पहिले’ हे प्रत्येक तारेगणिक ठरवावे लागते आणि दोन्ही टोकांना १ दिला गेला की वर सांगितलेली दुबार पत्त्याची आपत्ती ओढवते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक राउटरला एक क्रमांक दिला जातो आणि तोच त्याच्या सर्व इंटरफेसांवर वापरला जातो. सातव्या राउटरचा प्रत्येक इंटरफेस एफई८०::७. मग मार्गसारणीत एफई८०::७ दिसताच वाट सातव्या राउटरकडून जाते हे नकाशा न उघडता समजते आणि एकाच राउटरचे दोन इंटरफेस चुकून एकाच लिंकवर आले नाहीत तर टक्कर होण्याचा प्रश्न उरत नाही. मोठ्या जाळ्यांत दुसरी पद्धत अधिक टिकाऊ ठरते. सिस्कोच्या राउटरांवर एका इंटरफेसला एकच लिंक-लोकल पत्ता असतो. हाताने दिलेला पत्ता आपोआप बनलेल्याची जागा घेतो.

केवळ लिंक-लोकल पत्त्यांवर चालणारे जाळे

राउटरांचे आपापसांतील सर्व काम लिंक-लोकल पत्त्यांवर होत असेल, तर त्यांना जोडणाऱ्या तारांना जागतिक पत्ते द्यावेतच कशाला, हा प्रश्न ओघानेच येतो. मायकेल बेरिंगर आणि एरिक व्हिंके यांनी नोव्हेंबर २०१४ च्या आरएफसी ७४०४ मध्ये त्याची चर्चा केली आहे. हा दस्तऐवज माहितीपर आहे. तो कोणताही एक पक्ष घेत नाही, तर निर्णय घेणाऱ्यापुढे दोन्ही बाजू मांडतो.

अशा जाळ्यात प्रत्येक राउटरच्या लूपबॅक इंटरफेसला तेवढा जागतिक पत्ता दिला जातो. व्यवस्थापन, दूरस्थ प्रवेश, नोंदी या सर्वांसाठी तोच वापरतात. मधल्या तारांचे उपसर्ग मार्गसारणीत येत नाहीत, त्यामुळे ती आटोपशीर राहते. तारांसाठी पत्त्यांचे हिशेब ठेवावे लागत नाहीत, नावसेवकातील नोंदी कमी होतात आणि बाहेरच्या हल्लेखोराला मधल्या इंटरफेसवर थेट मारा करता येत नाही, कारण तेथवर पोहोचणारा पत्ताच अस्तित्वात नसतो. लूपबॅकचे पत्ते मात्र बाहेरून पोहोचण्याजोगे राहतात, म्हणून त्यांचे रक्षण वेगळे करावेच लागते.

किंमत मोजावी लागते ती दोष शोधताना. देखरेखीच्या केंद्रातून एखाद्या दूरच्या इंटरफेसला पिंग करून तो जिवंत आहे का हे पाहता येत नाही. त्यासाठी त्या राउटरवर प्रवेश करावा लागतो किंवा इंटरफेसची स्थिती अन्य मार्गाने विचारावी लागते. ट्रेसराउटमध्ये प्रत्येक टप्प्यावर लूपबॅकचा पत्ता उत्तर देतो. राउटर कोणता ते कळते, पण दोन राउटरांमध्ये चार समांतर तारा असतील तर पॅकेट कोणत्या तारेने आले ते कळत नाही. चारपैकी एकच तार पॅकेट गाळत असेल, तर ही त्रुटी तासन्‌तास छळू शकते. उत्तरासोबत इंटरफेसची ओळख कळवण्याची सोय २०१० च्या आरएफसी ५८३७ ने सुचवली आहे. तिचा उपयोग दोन्ही बाजूंची साधने ती ओळखतात तेथेच होतो.

लूपबॅकला जागतिक पत्ता देणे विसरल्यास परिणाम अधिक वाईट होतात. आवृत्ती ६ मध्ये वाटेतील राउटर पॅकेटचे तुकडे करीत नाहीत. पॅकेट पुढच्या तारेला झेपणारे नसेल तर राउटर ते टाकून देतो आणि ‘पॅकेट फार मोठे आहे’ असा संदेश मूळ संगणकाकडे पाठवतो. या संदेशाला स्रोत पत्ता लागतो. राउटरकडे लिंक-लोकलखेरीज पत्ताच नसेल, तर त्या पत्त्याने निघालेला संदेश पहिल्याच राउटरवर अडतो. पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही आणि तो तेच मोठे पॅकेट पुनःपुन्हा पाठवत राहतो. वापरकर्त्याच्या बाजूने लक्षण असे दिसते की जोडणी प्रस्थापित होते, लहान मजकूर येतो, पण मोठे पान किंवा फाइल अर्ध्यावर अडकते. हा दोष नेहमीच्या पिंगमध्ये सापडत नाही, कारण पिंगचे पॅकेट लहान असते.

सुरक्षितता

शेजार-शोधाचे संदेश ग्राह्य धरण्यापूर्वी त्यातील टप्पामर्यादा २५५ आहे का हे पाहिले जाते. प्रत्येक राउटर ही संख्या एकाने घटवतो आणि २५५ हे कमाल मूल्य आहे. त्यामुळे दुसऱ्या लिंकवरून आलेला संदेश असा देखावा करूच शकत नाही. लिंकच्या आतला माणूस मात्र खोटी राउटर उद्घोषणा पाठवू शकतो. चुकीने जोडलेला घरगुती राउटरही नकळत तेच करतो. स्विचच्या ज्या खोबणीवर राउटर अपेक्षित नाही तेथून आलेल्या उद्घोषणा अडवणे, हा २०११ च्या आरएफसी ६१०५ मधील उपाय आहे. गेटवेचा लिंक-लोकल पत्ता हाताने नेमलेला व ठाऊक असेल, तर उपऱ्या राउटरची उद्घोषणा नोंदींमध्ये चटकन ओळखू येते.

बीजीपी आणि डेटा केंद्रे

बीजीपीचा मूळ स्वभाव संस्थांच्या सीमेपलीकडे मार्ग कळवण्याचा असल्याने केवळ लिंक-लोकल पत्ता त्याला अपुरा पडतो. १९९९ च्या आरएफसी २५४५ ने पुढच्या टप्प्याच्या रकान्यात एकटा जागतिक पत्ता किंवा जागतिक व लिंक-लोकल अशी जोडी, म्हणजे १६ किंवा ३२ बाइट, लिहिण्याची मुभा दिली.

मोठ्या डेटा केंद्रांत मात्र चित्र बदलले. तेथे प्रत्येक रॅकवरील स्विच मधल्या थरातील प्रत्येक स्विचला जोडलेला असतो. ३२ रॅक आणि ४ मधले स्विच धरले तरी तारा १२८ होतात आणि पत्ते द्यायचे इंटरफेस २५६. क्युम्युलस लिनक्स आणि एफआररूटिंग यांनी रुळवलेल्या ‘बिनपत्त्याच्या बीजीपी’मध्ये यांपैकी एकालाही पत्ता द्यावा लागत नाही. स्विच राउटर उद्घोषणेतून शेजाऱ्याचा लिंक-लोकल पत्ता शिकतो आणि त्यावरच बीजीपीचे सत्र उभे करतो. त्या सत्रातून आवृत्ती ४ चे मार्गही वाहून नेले जातात. आवृत्ती ४ च्या गंतव्यासाठी आवृत्ती ६ चा पुढचा टप्पा वापरण्याची ही तरतूद २००९ च्या आरएफसी ५५४९ मध्ये होती आणि २०२० मध्ये आरएफसी ८९५० ने तिची जागा घेतली. पॅकेट पुढे ढकलण्यासाठी शेवटी शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता तेवढा लागतो; तो कोणत्या आवृत्तीच्या चौकशीतून मिळाला याने फरक पडत नाही.

लिनक्सच्या गाभ्यात आवृत्ती ४ च्या मार्गाला आवृत्ती ६ चा पुढचा टप्पा जोडण्याची सोय २०१९ मधील ५.२ या आवृत्तीपासून आली. तोवर एफआररूटिंग एक युक्ती करीत असे: मार्गसारणीत पुढचा टप्पा म्हणून १६९.२५४.०.१ हा पत्ता लिहायचा आणि त्यासमोर शेजाऱ्याचा खरा हार्डवेअर पत्ता कायमचा नोंदवून ठेवायचा. त्या पत्त्याचे यंत्र कोठेच नसते. १६९.२५४ च्या पट्ट्याचा राउटरांसाठी असा वापर अन्यत्रही दिसतो. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत ग्राहकाच्या जाळ्याशी जोडणाऱ्या व्हीपीएन बोगद्याच्या दोन्ही टोकांना याच पट्ट्यातील चार पत्त्यांचा गट दिला जातो, कारण ग्राहकाच्या खाजगी पत्त्यांशी त्याची टक्कर होण्याचा संभव कमी असतो.